एच-इंडेक्स ४५ की १८? कर्करोग-औषधांवरच्या पीएचडीसाठी गाईड निवडताना

तुमच्या भाचीला कर्करोगाच्या औषधांवर पीएचडी करायची आहे, दोन गाईड तिला घ्यायला तयार आहेत, एकांचा एच-इंडेक्स ४५ आणि दुसऱ्या बाईंचा १८, तर ४५ वाल्यांकडेच जावं का, असं तुम्ही विचारलंय. मी फार्मकॉलॉजी शिकवते. माझं उत्तर: आकड्यावरून ठरवू नका, त्यामागचे पेपर उघडून बघा.

४५ म्हणजे त्यांच्या ४५ पेपरांना प्रत्येकी किमान ४५ सायटेशन्स मिळाली आहेत, म्हणजे इतर पेपरांनी तितक्यांदा त्यांचा संदर्भ दिला आहे. जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली हे माप सुचवलं. नोकरीची वर्षं वाढली की तो आकडा आपोआप चढतो. मोठ्या क्लिनिकल ट्रायलच्या पेपरवर पन्नास नावं असली, तरी प्रत्येकाच्या खात्यात तो अख्खा पेपर जमा होतो. त्यात कुणी काय केलं, हे आकडा सांगत नाही.

मनसुख वाणी यांचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून एम.एस्सी., पुढे अमेरिकेत पीएचडी, आणि मग नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर वनस्पतींतून कर्करोगविरोधी रेणू वेगळे काढण्याचं काम. पॅसिफिक यू या झाडाच्या जवळपास १२ किलो सुक्या खोड-सालीतून त्यांच्या हाती अर्धा ग्रॅम शुद्ध पदार्थ आला. तो टॅक्सॉल. त्याची रचना सांगणारा पेपर १९७१ मध्ये आला, पहिलं नाव वाणींचं. आणि त्यानंतर बरीच वर्षं फारसं काही घडलं नाही. पदार्थ पाण्यात विरघळेना, झाड सावकाश वाढणारं, साल काढली की मरणारं. त्यामुळे अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटलाही सुरुवातीला विशेष उत्साह नव्हता. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांच्या लॅबनं दाखवलं, की टॅक्सॉल पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे विभाजनाला लागणाऱ्या सूक्ष्म नळ्या, बनू देतं, पण मग त्या मोडूच देत नाही आणि पेशीचं विभाजन अडकतं. विनब्लास्टिनसारखी तेव्हाची औषधं नेमकं उलटं करायची, त्या जोडल्याच जाऊ द्यायची नाहीत. तिथून चित्र पालटलं. १९९२ च्या डिसेंबरात अमेरिकेत ओव्हरीच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली, आणि आज पॅक्लिटॅक्सेल या नावानं ते आपल्याकडच्या किमो वॉर्डांत रोज चढवलं जातं. १९७६ साली कुणी सायटेशन्स मोजून वाणींची योग्यता ठरवली असती तर? मला हा विचार अस्वस्थ करतो, कारण आज आपण तरुण संशोधकांचं नेमकं असंच करतोय.

उलट बाजूही बघा. टिंग-चाओ चाउ आणि पॉल टॅलाले यांचा १९८४ चा पेपर औषधशास्त्रात प्रचंड उद्धृत होतो. त्यात औषध सापडलेलं नाही, पद्धत आहे: दोन औषधं एकत्र दिली तर परिणाम बेरजेइतका, जास्त की कमी, हे ठरवायचा निर्देशांक. तो १ पेक्षा कमी आला तर सिनर्जी, म्हणजे परिणाम बेरजेहून जास्त. अशा कामाला मिळालेली सायटेशन्स म्हणजे ते काम वापरात आहे याचा पुरावा.

म्हणून भाचीला हे करायला सांगा. दोन्ही गाईडचा प्रत्येकी एक गाजलेला पेपर घ्यावा, गूगल स्कॉलरवर (संशोधन-पेपर शोधायची गूगलची सेवा) तो कुणी उद्धृत केलाय ती यादी उघडावी आणि त्यातले दहाएक पेपर चाळावेत. ज्या वाक्यात उल्लेख आहे ते वाक्य वाचावं. ‘यापूर्वी अनेकांनी दाखवलं आहे’ असं म्हणून १२ ते १९ अशा संदर्भांच्या गठ्ठ्यात नाव आलंय, की ‘अमुक यांच्या पद्धतीनं आम्ही डोस ठरवला’ असं लिहिलंय? दुसऱ्या प्रकारची पाच वाक्यं मला पहिल्या प्रकारच्या पन्नासांहून मोलाची वाटतात. उद्धृत करणारे ते गाईड स्वतःच किंवा त्यांचेच जुने सहकारी आहेत का, तेही तिथेच कळतं.

दोन गोष्टींची खबरदारी घ्या. ‘एस. कुलकर्णी’ किंवा ‘ए. पाटील’ अशा नावांच्या प्रोफाइलमध्ये भलत्याचेच पेपर मिसळलेले असतात, तेव्हा ऑर्किड (ORCID) या प्रत्येक संशोधकाच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकावरून पडताळा. आणि प्रत्येक महत्त्वाच्या पेपरवर पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत तो मागे घेतल्याची (रिट्रॅक्शन) नोंद आहे का पाहा. मागे घेतलेल्या पेपरांना नंतरही सायटेशन्स मिळत राहतात.

१८ वाल्या बाईंच्या अलीकडच्या पेपरांवर पहिलं नाव विद्यार्थ्यांचं असेल, तर त्यातल्या दोघांना भाचीनं गाठावं आणि विचारावं: विषय कुणी सुचवला, प्रयोग फसला तेव्हा बाई लॅबमध्ये आल्या होत्या का, आणि थिसिस जमा व्हायला किती वर्षं लागली. ४५ वाल्यांच्या विद्यार्थ्यांनाही हेच तीन प्रश्न विचारावेत. उत्तरं मिळाली की इथे जरूर लिहा, मी वाचेन.