पंच शेवटी, पैसे आधी
वाचकांचे प्रश्न : विनोदी पटकथालेखन

माझ्याकडे तीनेकशे विनोदांच्या वह्या आहेत. गणेशोत्सवात सूत्रसंचालनही करतो. विनोदी मालिका लिहायची तर या वह्या घेऊन कोणाला भेटू? – एक वाचक, इस्लामपूर

वह्या घरीच ठेवा. निर्माता सुटे विनोद विकत घेत नाही. त्याला माणसं हवी असतात आणि त्या माणसांची अडचण. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आठवा, लेखन वसंत सबनीसांचं. मूळ कल्पना १९६६च्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटातली. चार मित्रांना पुण्यात जागा हवी आहे आणि घरमालकीण जागा देणार ती फक्त जोडप्यांना. झालं! दोघांना बायका व्हावं लागतं आणि मग तिथून घरात येणारा प्रत्येक माणूस हा नवा धोका. संवाद गाजले ते या अटीच्या जिवावर. अट काढून टाका, तेच संवाद कोरडे वाटतील. सबनीस लोकनाट्यातून आलेले. बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांच्या भागात, प्रेक्षक समोर बसलेला असतो, त्यामुळे कुठे रेंगाळायचं नाही हे तिथे आपोआप कळतं.

भेटायला जाताना तीन गोष्टी तयार ठेवा. आठ-दहा मिनिटांचं एक प्रहसन, म्हणजे आठ-दहा पानं (पटकथेचं एक पान साधारण एका मिनिटाचं धरतात). बावीस मिनिटांचा एक पूर्ण भाग. आणि चार-पाच पानांची मालिकेची संकल्पना. संकल्पनेत पात्रांच्या वर्णनावर कमी जागा घालवा आणि ही मंडळी एकमेकांना सोडून का जाऊ शकत नाहीत ते नीट लिहा. सामायिक सातबारा, एकच दुकान, न फिटलेलं कर्ज, काहीही चालेल. पण दार उघडं असेल तर मालिका चौथ्या भागात संपते. शेवटी दहा भागांच्या प्रत्येकी दोन ओळी लिहा. सहाव्याला अडलात तर ती कल्पना मालिकेची नाही, प्रहसनाची आहे. त्यात कमीपणा नाही, प्रहसन लिहून टाका.

आणि आधी कुठेतरी सादर करा. कॉलेजात असाल तर पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धा आहेत. वाहिन्यांवरच्या विनोदी कार्यक्रमांत एकांकिकांमधून आलेले लेखक-नट बरेच सापडतात.

मित्रांना वाचून दाखवलेलं प्रहसन तुफान चाललं. नटांनी केलं तेव्हा शांतता. चूक कोणाची? – एक वाचक, अकोला

बहुतेक वेळा वाक्यरचनेची. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ते पंच, म्हणजे ज्यावर हसू फुटायचं तो शब्द, खातं. ‘सासऱ्यांनी लग्नात बंद पडलेलं घड्याळ दिलं होतं’ या वाक्यात हसायचा शब्द मधे अडकला. त्याच्यामागून ‘दिलं होतं’ची शेपूट येते आणि हशा तिच्याखाली चेंगरतो. ‘सासऱ्यांनी लग्नात घड्याळ दिलं होतं. बंद पडलेलं.’ शब्द तेच, पण आता हसायला जागा आहे. वाचून दाखवताना ही जागा तुम्ही आवाजाने तयार केलीत. नटाला ती कागदावर मिळायला हवी. म्हणून प्रत्येक पंचचा शेवटचा शब्द अधोरेखित करून पाहा. तिथे ‘ना’, ‘तर’, ‘होतं’, ‘म्हणून’ असेल तर वाक्य फिरवा.

दुसरं कारण म्हणजे हशावर हशा. पंचनंतरच्या लगेचच्या वाक्यात महत्त्वाची माहिती असेल तर ती हशात बुडते आणि पुढचे दोन पंच कोणालाच कळत नाहीत. तिथे बुडाली तरी चालेल अशी ओळ ठेवा, किंवा नटाला कृती द्या: चहाचा कप उचलतो, रिकामा आहे, परत ठेवतो. कॅमेऱ्यासाठी लिहिताना तर हे आणखी गरजेचं. सेटवर कोणी हसत नाही, सगळं काम संकलकाच्या टेबलावर होतं, आणि त्याला कापायला ऐकणाऱ्याचा चेहरा लागतो. तो पानावर लिहिलेला नसेल तर चित्रित होत नाही. ‘वहिनी ऐकते. भाजी चिरणं थांबतं.’ एवढं पुरे.

तिसरं, पहिल्या पानाच्या अखेरीस कोणाला काय हवंय हे कळायला हवं. नमस्कार-चमत्कारांत दोन पानं गेलेली प्रहसनं आम्ही ढिगाने पाहतो.

जाता जाता बोलीबद्दल. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणं हा विनोद नव्हे. त्या बोलीतला माणूस हुशारीने अडचणीतून निसटतो, तेव्हा तिकडचे लोकही हसतात. नुसता हेल काढला तर ते वाहिनी बदलतात.

मालिकेत कथा, पटकथा, संवाद वेगवेगळे लोक का लिहितात? नव्याने कुठून शिरावं? – एक वाचक, ठाणे

वेळ नसतो म्हणून. दैनंदिन मालिकेत कथालेखक पुढच्या काही आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे कथेचा ओघ, ठरवतो, पटकथाकार त्याचे भाग आणि प्रसंग पाडतो, संवादलेखकाकडे प्रसंग येतात ते अनेकदा चित्रीकरणाच्या आदल्या संध्याकाळी. नव्या माणसाला बहुधा संवादाचं दार उघडतं. शिकायला मात्र पटकथेच्या बैठकीत बसा, पगार कमी असला तरी.

विनोदी मालिकेतला नेहमीचा घोटाळा असा: तिघांच्या गोंधळावर रचलेला प्रसंग आणि सकाळी सातला निरोप, ‘काका आज नाहीत.’ काकांचे संवाद काकूला वाटून टाकले की प्रसंग मरतो, कारण काकाला घाबरायचं कारण होतं, काकूला नाही. फोनवर काका दाखवणं ही पळवाट प्रेक्षकाला पाठ आहे. काका कुठे गेला हीच अडचण करा. उरलेल्या दोघांना त्याची गैरहजेरी लपवावी लागू दे. त्यासाठी कोणते सेट लागलेले आहेत आणि कोणत्या तारखांना कोण आहे, हे प्रॉडक्शनला विचारून मगच लिहायला बसा.

एका निर्मात्याने माझी कल्पना ऐकली, ‘कळवतो’ म्हणाला. वर्षभराने तशीच मालिका आली. दावा लावू का? – एक वाचक, नाशिक

नुसती कल्पना ऐकवली असेल तर हाती फारसं लागणार नाही. आर. जी. आनंद यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केलं की कल्पना, विषय, कथानकाचा सांगाडा यांवर कॉपीराइट नसतो. तो मांडणीवर असतो. आनंद हरले. तुमचे प्रसंग, त्यांचा क्रम, संवाद लिखित असतील आणि तेच तिकडे सापडत असतील, तर वकिलाला भेटा.

पुढच्या वेळी आधी लिहा, मग ऐकवा. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्य होऊन ऑनलाइन नोंदणी करता येते; त्या तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता, एवढा पुरावा त्यातून मिळतो. ऐकवून आल्यावर त्याच दिवशी ईमेल करा: ‘आज आपल्याला अमुक संकल्पना ऐकवली, सोबत जोडली आहे.’ यात कोणी रागावत असेल तर ते आधीच कळलेलं बरं.

करारात मानधनाचे टप्पे कामाशी बांधा: सही, वनलाइन (प्रत्येक प्रसंग एका-दोन ओळींत), पहिला खर्डा, अंतिम खर्डा. ‘उरलेले प्रदर्शनानंतर’ हे मान्य करू नका, चित्रपट डब्यात गेला तर तुमचे पैसेही डब्यात. किती वेळा फेरलेखन हा आकडा लिहून घ्या, दोन ही रास्त संख्या. श्रेय पडद्यावर कोणत्या शब्दांत आणि पोस्टरवर की नाही, तेही. मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याने हक्कांचं हस्तांतरण पाच वर्षांचं धरलं जातं, म्हणून निर्माते ‘कायमस्वरूपी’ लिहितात. निदान ‘अमुक वर्षांत चित्रपट न केल्यास हक्क परत’ हे कलम मागा. २०१२च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा करारानेही काढून घेता येत नाही. तो वसूल करणं वेगळी लढाई आहे, पण निदान सही करताना घाबरू नका. मालिकेचे पैसे प्रक्षेपणानंतर ९० दिवसांनी येणं सर्रास आहे, शिवाय दहा टक्के टीडीएस. पहिले चार महिने घरखर्चाची सोय आधी करा.

कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? – एक वाचक, पणजी

साधं वर्ड चालेल. फक्त युनिकोडमध्ये टाइप करा आणि पीडीएफ पाठवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर समोरच्या संगणकावर भलतीच अक्षरं होऊन उघडतो. हिंदीत काम केलंत तर काही नट संवाद रोमन लिपीत मागतील, ती प्रत वेगळी ठेवा.