ब्लफला निघण्याआधी

यूटा विद्यापीठाच्या डिझाइनबिल्डब्लफला चाललीस, फार आनंद झाला! वास्तुविशारद हँक लुईस यांनी 2000 साली सुरू केलेल्या या उपक्रमात विद्यार्थी आधी आराखडा करतात आणि मग यूटातल्या ब्लफ या छोट्या गावात राहून स्वतःच्या हातांनी घर बांधतात. पण ते घर नवाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजातल्या कुटुंबाचं असतं, तुझ्या पोर्टफोलिओचं नव्हे. होगनचं, म्हणजे त्यांच्या पारंपरिक घराचं, दार पूर्वेलाच असतं, ती श्रद्धा आहे. तेव्हा दार, चूल, झोपायची जागा सगळं त्यांनाच विचार. वडीलधारी माणसं बोलता बोलता थांबली तर मध्ये घुसू नकोस.

तिथे अनेक घरांत नळ नाही, पिकअपमधून पाणी आणावं लागतं. म्हणून या उपक्रमात 2004 मध्ये बांधलेल्या एका घराचं छप्पर मध्याकडे उतरतं केलंय, पावसाचं पाणी साठवायला. भिंत तिथल्याच लाल मातीची, ठोकून घट्ट केलेली. हे घर बारकाईने अभ्यास. माती ठोकण्याआधी मुठीत दाबून बघ: गोळा व्हायला हवा, खांद्याच्या उंचीवरून टाकला की चार तुकडे व्हायला हवेत. अख्खा राहिला तर ओल जास्त, भुगा झाला तर कमी.

आणि जवळच्या दुकानात मिळत नाही असं सामान वापरू नकोस. पुढे दुरुस्ती त्या कुटुंबालाच करायची आहे.