भिंतीवरची केशरी रेघ

वाचकांचे प्रश्न, ड्रॉइंग मास्तरांची उत्तरं

प्रश्न : माझं वय 58. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा) होतो. मुलगी मुंबईत चित्रकला शिकते. दिवाळीला येताना तिनं चार बाय तीन फुटांचं चित्र आणलं आणि समोरच्या खोलीत लावलं. खाली काळपट तपकिरी, वर राखाडी, जागोजागी खरवडल्यासारखं. डावीकडे वरून खाली येणारी एक केशरी रेघ, तीही मध्येच थांबलेली. मी विचारलं, ‘हे कशाचं चित्र?’ ती म्हणाली, ‘कशाचंच नाही, पप्पा.’ मग दोन दिवस नीट बोलली नाही. ती गेली, चित्र राहिलं. पाहुणे विचारतात, मी चहा आणायला उठतो. त्या रेघेकडे मात्र सारखा डोळा जातो, मागावर ताण्याचा उभा धागा तुटला की जातो तसा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला ती परत येईल. तोवर मला यातलं थोडं तरी कळेल का? नुसतं ‘छान आहे’ म्हणायला जीभ रेटत नाही. (आमची घरची भाषा तेलुगू आहे, मराठीत चूकभूल माफ करा.)

उत्तर : जॉबरसाहेब, आधी माझी कबुली. मी 31 वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, शेकडो पोरांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, आणि नामवंत चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रापुढून पहिल्यांदा दोन मिनिटांत निघालो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्र काढून मुंबईत उतरलेलो, पाय दुखत होते, पोटात काही नव्हतं. समोर मोठा कॅनव्हास, त्यात ना माणूस ना झाड. मी बरोबरच्या मास्तरांना म्हटलं, ‘भिंतीला ओल आलीय.’ सगळे हसले, मीही हसलो आणि आम्ही वडापाव खायला गेलो.

हे वाक्य नंतर कित्येक महिने डोक्यातून जाईना. थट्टा केली, पण ओल मी पाहिली होती हे खरं. म्हणजे काहीतरी आत झिरपल्यासारखं, काहीतरी खालून वर येतंय असं मला दिसलं होतं. दुसऱ्या वेळी मुंबईत गेलो तेव्हा मुद्दाम एकटा गेलो आणि स्वतःला एवढंच विचारलं, ही ओल यानं आणली कशी?

तिथं मला दार सापडलं. गायतोंडे रंगाचे पातळ थर एकावर एक द्यायचे. रोलर फिरवायचे, सुरीनं रंग ओढायचे, खरवडायचे. फाडलेले कागद ओल्या रंगावर दाबून उचलायचे, म्हणजे कागदाबरोबर थोडा रंग निघून यायचा आणि खालचा थर डोकवायचा. मी नाक लावण्याइतका जवळ गेलो (रखवालदार खाकरला) तेव्हा एका ठिकाणी कागदाची फाटकी कड स्पष्ट दिसली. डागासारखं जे वाटलं होतं तिथं कुणीतरी थांबून, कागद ठेवून, अंदाज घेऊन उचलला होता. असं काम करणारा माणूस वर्षाला मोजकीच चित्रं करायचा यात नवल नाही. बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिलं नाही. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ (म्हणजे अॅबस्ट्रॅक्ट) म्हणणंही त्यांना पटायचं नाही, ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणा, असं त्यांचं मत. हे शब्द पाठ करू नका. ती फाटकी कड लक्षात ठेवा.

‘हे कशाचं?’ या प्रश्नाला तुमच्या मुलीकडे उत्तर नव्हतं म्हणून ती गप्प झाली. ‘हे कसं केलंस?’ याला तिच्याकडे तासभराचं उत्तर असेल. आणि हा प्रश्न विचारण्याचा हक्क या सोलापुरात जॉबरपेक्षा जास्त कुणाला आहे? मागाच्या नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते ओळखणारी माणसं तुम्ही.

चित्र कळलं नाही याची लाज वाटून घेऊ नका. अमूर्त चित्रं काढणाऱ्या पहिल्या काही लोकांतला कांडिन्स्की हा रशियन चित्रकार आधी कायदा शिकलेला. तिशीच्या आसपास असताना मॉस्कोच्या एका प्रदर्शनात त्यानं मोने या फ्रेंच चित्रकाराचं चित्र पाहिलं. काय आहे ते त्याला ओळखू येईना. यादीत बघितलं तेव्हा कळलं, ही गवताची गंजी! मंगळवेढ्याच्या वाटेवर कडब्याच्या गंज्या दिसतात, तसली. तो वैतागला; चित्रकाराला इतकं अस्पष्ट काढायचा काय अधिकार, असं त्याला वाटलं. पण चित्र डोक्यातून जाईना. तुमच्या रेघेसारखंच. पुढं तो कायद्याच्या प्राध्यापकीची संधी सोडून म्युनिकला चित्रकला शिकायला गेला. एकदा संध्याकाळी खोलीत शिरला तर भिंतीशी एक विलक्षण सुंदर चित्र टेकलेलं, नुसते आकार आणि रंग, विषय काहीच कळत नाही. ते त्याचं स्वतःचंच चित्र होतं, आडवं ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी उजेडात ती मजा गेली, कारण आता वस्तू ओळखू येत होत्या.

यातली ‘संध्याकाळ’ उचला. आपल्याकडे भर दुपारी पांढरं आणि राखाडी यांत फरक राहत नाही, ऊन सगळं खाऊन टाकतं. आणि रात्री ट्यूबलाइटखाली तपकिरी रंग मेल्यासारखा होतो. सकाळी सातला आणि संध्याकाळी दिवे लावायच्या आधी बघा. चित्र खिडकीसमोर असेल तर बाजूच्या भिंतीवर घ्या. खुर्ची टाका. मोबाईल दुसऱ्या खोलीत. पहिल्या दिवशी काही होणार नाही. कंटाळा येईल, तो येऊ द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी राखाडी हा एक रंग नाही, त्यात निळसरही आहे आणि मातकटही आहे, एवढं जरी दिसलं तरी तुम्ही बऱ्याच समीक्षकांच्या पुढे गेलात.

तुम्ही कंसात तेलुगूची माफी मागितलीत त्यावरून आठवलं. मी सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत 27 वर्षं राहिलो. शेजारची आजी पहाटेपासून तेलुगूत बोलायची. मला दहा-बारा शब्दांपलीकडे काही येत नव्हतं. पण ती सुनेवर चिडलीय, नातवाचे लाड करतेय की गेलेल्या नवऱ्याची आठवण काढतेय, हे मला भिंतीपलीकडून कळायचं. आवाज कुठं चढतो, कुठं तुटतो, कुठं लांबतो, त्यावरून. अर्थ कळला नाही म्हणून मी ‘काहीच कळलं नाही’ असं म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. चित्रातला रंग चढतो, तुटतो, लांबतो तो तसाच ऐका.

चादरीवर फुलं-नक्षी असते, तिचा कुठं अर्थ लागतो, मग अमूर्ताला का घाबरायचं, असं मी पूर्वी वर्गात सांगायचो. आता सांगत नाही. ती तुलना अर्धीच खरी आहे. मागावर नक्षी काढणाऱ्या जॅकार्डच्या पंच केलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरून पहिल्यावर आली की नक्षी पुन्हा तीच, डोळ्याला पुढचं आधीच माहीत असतं, म्हणून तो निवांत असतो. चित्रात माळ नसते. पुढं काय येईल याची खात्री नाही, म्हणून डोळा अस्वस्थ होतो. तुमची रेघ मध्येच थांबली आणि तुम्हाला खटकली ती याचसाठी. मागावर तो दोष होता, तुम्ही माग थांबवून गाठ मारली असती. इथं पोरीनं तो तसाच ठेवलाय, आणि पप्पा जॉबर असलेल्या घरात ठेवलाय. मुद्दाम की नकळत, मला माहीत नाही. विचारा तिला.

आणखी एक, सगळं अमूर्त थोर असतं असं मुळीच नाही. हॉटेलच्या लॉबीत सोफ्याच्या रंगाला शोभेल असं मापानं करून आणलेलं पुष्कळ असतं. माझी खूण साधी आहे. तिसऱ्यांदा बघितल्यावर चित्रात नवीन काही दिसलं नाही, तर मी त्याच्यापुढून उठतो, चित्रकार कितीही मोठा असो. तुमच्या मुलीचं चित्रही कदाचित कच्चं असेल. शिकतेय ती. तसं वाटलं तर तसं सांगा, पण आधी दहा दिवस बसून.

गड्ड्याला ती आली की ‘छान आहे’ म्हणू नका. पत्रात मला लिहिलंत तेच तिला सांगा: ‘त्या रेघेकडे डोळा सारखा जातो, धागा तुटल्यासारखा.’ मग विचारा, रेघ आधी आली की राखाडी? खरवडलंस ते कशानं? आणि चहा तिला आणायला सांगा.

प्रश्न : असली चित्रं उलटी टांगली तर कुणाला कळेल का? (विजापूर रोड)

उत्तर : नाही कळलं, 75 वर्षं. थट्टेनं विचारलंत, पण हे घडलंय. मोंद्रियान या डच चित्रकारानं न्यूयॉर्कमध्ये 1941 साली रंगीत चिकटपट्ट्या आडव्या-उभ्या लावून एक चित्र केलं. जर्मनीत डुसेलडॉर्फच्या संग्रहालयात ते आहे. 2022 साली तिथल्याच एका अभ्यासक बाईंनी दाखवून दिलं की 1945 मध्ये पहिल्यांदा मांडल्यापासून ते बहुधा उलटंच आहे. चित्रकाराच्या खोलीचा 1944 चा फोटो निघाला, त्यात तेच चित्र घोडीवर (ईझलवर) दुसऱ्या बाजूनं उभं होतं. शिवाय पट्ट्यांची दाटी आता खाली आहे, ती वर हवी असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे सगळी फसवणूकच, असं तुम्ही म्हणाल. मी उलट म्हणतो. त्या बाईंना ते कळलं ते दाटी वर की खाली यानं फरक पडतो म्हणून. तुम्ही स्वतः त्या चित्राचा फोटो मोबाईलवर दोन्ही बाजूंनी धरून बघा. दाटी खाली असली की बूड जड वाटतं, वर असली की आभाळ भरून आल्यासारखं. आणि सोलापूरकरांनी आणखी एक बघावं: कुठली पट्टी कुणावरून गेलीय आणि कुणाखालून. हे आपल्याला जितकं चटकन दिसेल तितकं पॅरिसवाल्यांना दिसायचं नाही.

संग्रहालयानं चित्र मात्र सरळ केलं नाही. 80 वर्षांच्या चिकटपट्ट्या, फिरवायला गेलं तर सुटून खाली यायच्या. आमच्या घरचं भिंतीवरचं घड्याळ याच कारणानं तिरकं आहे.