‘पैसे मागितले की लोक तुटतात का ताई?’ एका कॉमिकवाल्या पोराची केस

हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला जी पोरंपोरी येतात त्यांच्यात ही भीती फार दिसते. रील बनवणारे असोत, गाणारे असोत की चित्रं काढणारे, सगळ्यांचा प्रश्न तोच, की इतके दिवस फुकट दिलं, आता पैसे मागितले तर लोक म्हणतील हा पण तसलाच निघाला. त्यातली एक केस सांगते, त्याला विचारून आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

पोरगा चोपड्याकडचा. जळगावला रूम करून राहायचा, दिवसा फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम आणि रात्री स्वतःचं कॉमिक. त्यात एक खडूस आजी आणि तिचा पुण्याहून परत आलेला नातू, बोलणं अर्धं अहिराणी अर्धं मराठी, दर रविवारी इन्स्टावर एक भाग. केळीचे भाव पडले की आजी व्यापाऱ्याच्या नावाने बोटं मोडणार, कानबाईच्या रोटांवरून सुनांची भांडणं, असलं सगळं. लोकांना जाम आवडायचं, गाव सोडून मुंबई-सुरतला गेलेल्यांना तर फारच.

माझ्याकडे आला तेव्हा झोप उडालेली, फोन हातात घ्यायचा म्हटलं की छातीत धडधड. झालं असं होतं की त्याने एका शनिवारी रात्री ठरवलं आणि रविवारपासून सगळे भाग मेंबरशिपच्या मागे टाकले, महिना ४९ रुपये, आधी कुठे एक शब्द सांगितला नाही. वरून त्याच आठवड्यात एका पैसे लावून खेळायच्या गेमच्या अ‍ॅपची जाहिरात आजीच्या तोंडी टाकली, आणि ती जाहिरात आहे हेही कुठे लिहिलं नाही. मग काय, ‘भो, तू बी इकाई ग्या का’ (भाऊ, तू पण विकला गेलास का) पासून सुरुवात झाली ती थेट आईवरच्या शिव्यांपर्यंत.

त्याने काढलेला निष्कर्ष असा, की खान्देशी माणूस कलेला पैसे देत नाही, आपण मागायलाच नको होते, आता अकाउंटच बंद करतो. घरून वडलांचं तेच चालू, चित्रं काढून पोट भरतं का. म्हणजे बाहेरचे म्हणतात पैशाला हपापला आणि घरचे म्हणतात पैसाच कमवत नाही. दोन्हीकडून मार.

मी काही मार्केटिंगवाली नाही. पण माणूस घाबरला की सगळ्या नाराजीचा एकच गठ्ठा करतो आणि उशाला घेऊन झोपतो हे मला माहितीय, म्हणून मी त्याला त्या कमेंट्स वहीत उतरवून आणायला सांगितल्या, शिव्या वगळून, आणि प्रत्येकीपुढे लिहायचं की हा माणूस नेमका कशावर चिडलाय. पुढच्या वेळी वही घेऊन आला तेव्हा तोच जरा चक्रावलेला. पैसे का मागतो म्हणणारे होते, पण थोडे. बहुतेकांचा राग हा की मागच्या भागात आजीला दवाखान्यात अ‍ॅडमिट केलं आणि पुढचं बघायला पैसे भरा. बाकीच्यांचा राग जाहिरातीवर, कारण ज्या आजीने कधी कुणाला उधार दिलं नाही ती जुगार खेळा म्हणते कशी?

आता बघा, आपल्याकडे शेतात भरीत पार्टी असते तेव्हा कुणी वांगी आणतं, कुणी तेल, कुणाच्या घरून कळण्याच्या भाकरी येतात, वर्गणी काढली तरी कुणाला वाईट वाटत नाही. पण लोक जेवायला बसल्यावर अर्ध्या ताटावर वर्गणी मागितली तर भांडण होणारच ना. त्याचं नेमकं हेच झालं होतं. लोक पैशावर चिडले नव्हते, दिलेलं परत काढून घेतलं आणि तेही न सांगता, त्यावर चिडले होते.

मग त्याने साधी पोस्ट टाकली. रविवारचा भाग पुन्हा सगळ्यांना फुकट, तो कायम तसाच राहणार, आणि मला या कामातून घर चालवायचंय म्हणून इतर काही गोष्टींचे पैसे घेणार. हे वाक्य लिहायला त्याला फार जड गेलं, आमची बरीच सेशन्स त्यावरच गेली, कारण ‘मला पैसे हवेत’ असं तोंडाने म्हणायची त्याला लाजच वाटायची. माझ्या मते मूळ दुखणं हेच होतं. लाज वाटते म्हणून माणूस कुणाला सांगत नाही, आणि मग रात्रीत कुलूप लावून मोकळा होतो.

इतर गोष्टी म्हणजे मेंबरांना पुढचा भाग चार दिवस आधी, जुन्या भागांचं छापील पुस्तक, हाताने काढलेली मूळ चित्रं, आणि लग्नपत्रिकेसाठी नवरानवरीचं आजीच्या स्टाइलमधलं कार्टून. हे शेवटचं सगळ्यात जास्त चाललं, लग्नसराईत त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. पुस्तकाचे पैसे आधी यूपीआयने घेतले आणि तेवढ्याच कॉपी छापल्या. प्रेसवाल्याने उशीर केला, पण त्याने दर आठवड्याला कुठवर आलंय ते सांगितलं, त्यामुळे कुणी फारसं बोललं नाही. उशीर लोक चालवून घेतात, गप्प बसलं की मात्र त्यांना वाटतं हा आपले पैसे घेऊन पळाला.

जाहिरातींचं म्हणाल तर त्याने सरळ नियम केला, आजी जे स्वतः विकत घेईल तेच, आणि वर मोठ्या अक्षरात ‘जाहिरात’. तसंही अ‍ॅस्की, म्हणजे जाहिरातवाल्यांनीच जाहिरातींवर लक्ष ठेवायला काढलेली संस्था, तिच्या २०२१ च्या गाइडलाइन्सप्रमाणे पैसे घेऊन टाकलेल्या पोस्टवर तसं लिहावंच लागतं, आणि पैसे लावून खेळायच्या गेमच्या तर जाहिरातींवरही बंदी घालणारा कायदा २०२५ मध्ये संसदेने केलाय. एका दुकानदाराला आजीच कायमची हवी होती, सगळे हक्क लिहून दे म्हणाला, आकडा पण चांगला होता, पोरगा सही करायच्या बेतात. मी त्याला वकिलाकडे पाठवलं. तिथे कळलं की कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखीच लागतं, आणि कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, पण ‘कायमचे’ असं लिहून सही केली की मग गेली आजी हातातून. शेवटी एका वर्षासाठी, फक्त त्या दुकानाच्या जाहिरातीपुरती वापरायची परवानगी दिली. पैसे कमी मिळाले, पण आजी त्याचीच राहिली.

काही लोक गेले ते गेलेच, ते परत आले नाहीत, हे पण सांगायला हवं. फ्लेक्सच्या दुकानाची नोकरी त्याने अजून सोडलेली नाही आणि मी पण सोड म्हणत नाही, कारण महिन्याची कमाई अजून वरखाली होते. मध्ये एका कंपनीने पेमेंट करताना टीडीएस, म्हणजे इन्कम टॅक्स आधीच कापला तर हा कटकट करत होता, पण पोराच्या कमाईचा तो कागद वडलांनी दोनदा वाचला म्हणे.

परवा फोन आला, आता नवीनच टेन्शन, मामाच्या पोराचं लग्न आहे आणि मामा पत्रिकेचं कार्टून फुकट धरून चाललाय. म्हटलं फुकट करायचं तर कर, पण तसं आत्ताच सांग, आणि मावशीच्या पोरीच्या वेळी काय करणार तेही आत्ताच ठरव.