अमेरिकेतल्या चर्चच्या फूड पँट्रीत (मोफत अन्नवाटप केंद्रात) ‘बेस्ट बाय’ तारीख उलटलेले डबाबंद अन्नाचे डबे गरजू कुटुंबांना देता येतात का?

हो, बहुतेक देता येतात. बाळाचं फॉर्म्युला दूध मात्र तारखेनंतर अजिबात नाही. ‘बेस्ट बाय’ ही चव-दर्जाची तारीख असते आणि केंद्रीय कायद्याने तारीख फक्त फॉर्म्युल्यावरच सक्तीची आहे. अमेरिकी कृषी खात्यानुसार बीन्स, मक्याचे डबे २ ते ५ वर्षं चांगले राहतात, टोमॅटो-अननसासारखे आंबट १२ ते १८ महिनेच. आमच्या पँट्रीत आम्ही तारीख बघण्याआधी डब्याची अवस्था बघतो: फुगलेला, गळका, गंजलेला, सांध्यावर चेपलेला असेल तर सरळ कचऱ्यात. रांगेत ताटकळलेल्या आईला घरी जाऊन तो फेकावा लागू नये. चांगल्या हेतूने अन्न देणाऱ्यांना १९९६ चा बिल इमर्सन कायदा कायदेशीर जबाबदारीपासून संरक्षण देतो. पण राज्याचे किंवा तुमच्या पँट्रीला अन्न पुरवणाऱ्या फूड बँकेचे नियम याहून कडक असू शकतात, ते आधी विचारून घ्या.