उजव्या हाताचा बॅकहँड सारखा डावीकडे पडतो, अंडरस्टेबल फेअरवे ड्रायव्हर घ्यावा का?

डिस्क गोल्फमध्ये तुमची बॅकहँड फेक (हात छातीसमोरून ओढून केलेली) २०० फुटांच्या आसपास जाते, हातात १२ स्पीडचा ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, आहे आणि डिस्क दर वेळी डावीकडे वळून पडते. अंडरस्टेबल, म्हणजे वेगात उजवीकडे झुकणाऱ्या डिस्कपैकी लेपर्ड घेऊ की साइडवाइंडर, आणि घेतल्यावर ती फेकायची कशी, असं तुम्ही विचारलंय. लेपर्ड घ्या, आणि १२ स्पीडची डिस्क काही महिने घरीच राहू द्या. पण पैसे मोजण्याआधी एक गोष्ट तपासा. डावीकडे पडण्याची मुख्य कारणं दोन आहेत आणि नवी डिस्क त्यातलं एकच दूर करते.

डिस्क वर चढते, हवेत थबकते आणि मग डावीकडे घसरत खाली येते का? तसं असेल तर सुटताना तिची पुढची कड वर राहते आहे. या दोषावर कुठल्याही डिस्कचा उपाय चालत नाही, लेपर्डसुद्धा तशीच थबकून डावीकडे पडेल. पकड बघा: किटलीतून चहा ओतताना मनगट करंगळीच्या बाजूला जसं झुकतं, तसं ते फेकताना झुकलेलं हवं आणि अंगठा डिस्कवर घट्ट दाबलेला हवा. याउलट डिस्क खालून सरळ निघते आणि शेवटच्या टप्प्यात जोरात डावीकडे वळते, असं असेल तर तुमचा वेग त्या डिस्कला पुरत नाही. अंडरस्टेबल फेअरवे ड्रायव्हर, म्हणजे कमी वेगात चालणारा ड्रायव्हर, उपयोगी पडतो तो इथे.

डिस्कवरचे चार आकडे क्रमाने स्पीड (डिस्कला लागणारा वेग), ग्लाइड (हवेत तरंगत राहणं), टर्न आणि फेड यांचे. लेपर्ड ६, ५, -२, १. साइडवाइंडर ९, ५, -३, १. १२ स्पीडची डिस्ट्रॉयर १२, ५, -१, ३. टर्नचा आकडा जितका उणे, तितकी डिस्क वेगात असताना उजवीकडे झुकते. फेड म्हणजे वेग संपताना डावीकडे वळणं. साइडवाइंडरचा टर्न जास्त आहे म्हणून ती सोपी, असा अनेकांचा समज होतो. पण तो टर्न दिसायला ९ स्पीडला लागणारा वेग हवा. २०० फुटांच्या हाताला तिच्यापेक्षा लेपर्डच जास्त वळून दाखवते. हे आकडे उत्पादक स्वतः ठरवतात, सगळ्यांना बांधील असं एक मानक नाही. म्हणून दोन कंपन्यांच्या -२ ची तुलना बेतानेच करा.

असं का होतं तेही समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तुमच्या बॅकहँडने डिस्क वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग जास्त असताना हवेचा उचल देणारा दाब केंद्राच्या किंचित मागे पडतो आणि पुढची कड खाली ढकलू पाहतो. पण फिरत्या वस्तूवर लावलेल्या जोराचा परिणाम पाव फेरा पुढे दिसतो, म्हणून प्रत्यक्षात उजवी बाजू खाली जाते. वेग ओसरला की दाब केंद्राच्या पुढे सरकतो आणि सगळं उलटं होतं. तोच फेड.

आता फेक. सुटताना शरीरापासून लांबची कड ५ ते १० अंश खाली ठेवा, म्हणजे हायझर. त्यासाठी नुसतं मनगट पाडू नका. कमरेतून थोडं पुढे झुका, म्हणजे हात ज्या तिरक्या पातळीत ओढला जातो त्याच पातळीत डिस्क सुटते. उंची छातीइतकी, ताकद ७० टक्के. डिस्क आपणहून सपाट होईल, थोडी उजवीकडे सरकेल आणि शेवटी हलकेच डावीकडे येऊन बसेल. याला हायझर फ्लिप म्हणतात, आणि अंडरस्टेबल डिस्कचं खरं अंतर यातच आहे. ती सपाटच होत नसेल तर हायझर कमी करा, ताकद वाढवू नका.

ती उलटून उजवीकडे जमिनीत घुसली तर पहिले ३० फूट बघा. डिस्क थरथरत निघाली असेल तर सुटताना मनगट फिरतंय, म्हणजे तळवा आकाशाकडे वळतोय. अंडरस्टेबल डिस्क ही चूक लपवत नाही, आणि शिकण्यासाठी ती घ्यावी असं मी म्हणतो ते मुख्यतः याचसाठी. थरथर नसेल तर हायझर वाढवा.

समोरून वारा असताना हवेच्या मानाने डिस्कचा वेग वाढतो, म्हणून तीच लेपर्ड जास्त उलटते. अशा वेळी टीबर्डसारखी ७, ५, ०, २ ची डिस्क काढा. मागून वारा असेल तर लेपर्ड उत्तम, फक्त थोडी वर सोडा, कारण हवेच्या मानाने वेग कमी पडतो आणि तिला उचल कमी मिळते.

वजन १६० ते १७० ग्रॅम घ्या. नियमानुसार व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅम ही मर्यादा आहे, म्हणजे २१.२ सेंटीमीटरच्या डिस्कला सुमारे १७६ ग्रॅम. हलकी डिस्क सहसा लवकर वळते, पण वाऱ्यात भरकटतेही. प्लास्टिक डीएक्स घ्या: स्वस्त, पकडीला चांगलं, आणि झाडांवर आपटून महिन्याभरात आणखी अंडरस्टेबल होतं. तुमच्या वेगाला ते फायद्याचंच आहे. चॅम्पियन प्लास्टिक फार हळू झिजतं, पण नवं असताना ते बहुधा जास्त स्थिर उडतं, म्हणजे उजवीकडे कमी झुकतं.

फोरहँडला (तळवा पुढे ठेवून बाजूने केलेल्या फेकीला) लेपर्ड सध्या वापरू नका. तिथे दिशा उलटतात, टर्न डावीकडे आणि फेड उजवीकडे. शिवाय नवशिक्यांच्या फोरहँडमध्ये थरथर जास्त असते, त्यामुळे ती लगेच उलटते. फोरहँडसाठी टीबर्डच ठेवा.