सही केलीत, पण कशावर? कर्जासोबत गळ्यात मारलेल्या विम्याची फेटाळलेली तक्रार

प्रश्न: आम्ही वडोदऱ्यात मांजलपूरला राहतो. जानेवारी 2025 मध्ये यजमानांच्या नावावर 18 लाखांचं गृहकर्ज घेतलं, मी सहकर्जदार आहे. मुदत 15 वर्षं. काही महिन्यांनी खातेउतारा काढला तेव्हा कर्ज 18,92,000 दिसलं. वरचे 92,000 म्हणजे कर्जसुरक्षा विम्याचा (कर्जदार गेला तर कर्ज फेडणाऱ्या विम्याचा) एकरकमी प्रीमियम. विमा फक्त पाच वर्षांचा. यजमान 52 वर्षांचे, आठ वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या घेतात, फॉर्मवर मात्र ‘आजार नाही’ असं छापलंय. पॉलिसीचा कागद आम्हाला कधी मिळालाच नाही. ‘पॉलिसी रद्द करा’ असा अर्ज बँकेला आणि विमा कंपनीला दिला. दोघांचं उत्तर एकच: सही आणि ओटीपी तुमचाच आहे, फ्री-लूकची मुदत संपली, तक्रार बंद. आता काय करावं?

ताई, तुम्ही पाठवलेली दोन्ही उत्तरं मी वाचली. ती पुन्हा एकदा शांतपणे वाचा. कर्जाला विमा का जोडला, याचं उत्तर त्यात कुठेच नाही. तुम्ही ‘रद्द करा’ लिहिलंत, त्यांनी रद्द करण्याची मुदत दाखवली आणि हात झटकले. तक्रार फेटाळली गेली त्यात तुमच्या अर्जाच्या शब्दांचाही वाटा आहे. दोष तुमचा नाही, बहुतेक लोक असंच लिहितात. पण पुढचा कागद लिहिताना हा फरक सोडू नका. फ्री-लूकमध्ये ग्राहक कारण न देता पॉलिसी परत करतो, म्हणून त्याला मुदत आहे. चुकीची माहिती देऊन किंवा कर्जाला बांधून विमा विकला असेल, तर ती तक्रार वेगळी असते आणि फ्री-लूक संपल्यामुळे ती मरत नाही.

शिवाय फ्री-लूक तरी कधी संपला? हे 30 दिवस पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून मोजायचे असतात, प्रीमियम कापल्यापासून नाही. कागद पोचवल्याचा पुरावा कंपनीने द्यायचा. तुम्ही पाठवलेल्या फॉर्मच्या फोटोत ईमेलचा रकाना मोठा करून बघा. तिथे तुमचा पत्ता नाही, यजमानांचाही नाही. आकड्यांची शेपटी असलेलं ते नाव तुमच्या घरातल्या कुणाचं नसेल, तर पॉलिसी कुणाला पोचली ते कंपनीनेच सांगावं. तुमच्या सगळ्या कागदांत मला हा एक रकाना सर्वांत मोलाचा वाटतो.

आता हिशोब बघू. 92,000 रुपये 15 वर्षांच्या कर्जात मिसळले. व्याज 9 टक्के धरलं तर तेवढ्यापुरता हप्ता महिना साधारण 933 रुपये होतो आणि 180 हप्त्यांत सुमारे 1 लाख 68 हजार भरावे लागतात. संरक्षण मात्र पाचव्या वर्षी संपणार. म्हणजे नसलेल्या विम्याचे हप्ते तुम्ही आणखी दहा वर्षं भरणार. त्यात पहिल्या तीन वर्षांत काही बरंवाईट झालं, तर ‘आजार नाही’ या छापील उत्तरावर बोट ठेवून कंपनी दावा नाकारू शकते. विमा कायद्याच्या कलम 45 मुळे तीन वर्षांनंतर तिला तसं करता येत नाही, पण तोवर घराची मदार नशिबावरच. हा विमा तुमच्या घरासाठी कसा योग्य ठरला, हे विकणाऱ्याला समजावून सांगता येणार नाही. तक्रारीत हा परिच्छेद आकड्यांसकट घाला. गोळ्यांची गोष्टही लपवू नका. फॉर्म कुणी भरला आणि यजमानांना हा प्रश्न विचारला होता का, ते जसं घडलं तसं लिहा.

‘सही तुमचीच’ हा मुद्दा हलका नाही, हे आधीच सांगते. सही करणाऱ्याने कागद वाचला असं न्यायालय साधारणपणे धरतं. पण कर्जाच्या दिवशी पन्नासेक इंग्रजी पानांवर फुल्या मारलेल्या जागी सह्या घेतल्या जातात, हेही ग्राहक आयोगात बसणाऱ्यांना ठाऊक असतं. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रोजोनाथ गांगुली यांच्या प्रकरणात, ते नोकरीच्या कराराचं होतं, दोन्ही बाजूंचं बळ असमान असताना ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून पर्यायच नव्हता, अशा अन्यायकारक अटी मानल्या नाहीत. तुमच्याकडे त्याहून जवळचा पुरावा आहे. कर्जाची रक्कम मिळण्याच्या दोन दिवस आधी शाखेतल्या माणसाने पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश: ‘बेन, वीमा वगर फाइल आगळ नहीं जाय.’ म्हणजे विम्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही. एक सेवा घेण्यासाठी दुसरी घ्यायची सक्ती, याला ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(41) मध्ये निर्बंधात्मक व्यापारी प्रथा म्हटलंय. तो संदेश पुसू नका, फोन बदलू नका. पुढे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागेल, तेव्हा मूळ फोन हाताशी हवा.

तुमचं कर्ज 1 ऑक्टोबर 2024 नंतर मंजूर झालंय, ही जमेची बाजू. त्या तारखेपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकेला कर्जदाराच्या हाती ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाचा दर आणि सगळे खर्च दाखवणारा तक्ता, द्यावं लागतं. बँकेने विमा कंपनीच्या वतीने वसूल केलेली रक्कमही त्यात दाखवून वार्षिक दरात धरायची असते. ते मागवा. त्यात 92,000 नसतील तर बँकेची बाजू लंगडी पडते. असतील आणि खाली तुमची सही असेल तर तुमची बाजू थोडी अवघड होते, तरी पाच वर्षांचा मुद्दा आणि संदेश शिल्लक राहतातच. सोबत मंजुरीपत्र, प्रस्तावाचा पूर्ण फॉर्म, विमा प्रमाणपत्र, ओटीपीच्या वेळी आलेल्या संदेशाचा मजकूर आणि पडताळणीच्या फोनची ध्वनिफीत, हे सगळं लेखी मागा. दिलं नाही तर तो नकारही फाइलला लावा.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला नवं पत्र लिहा, प्रत बँकेला. मजकूर साधारण असा: ‘ही फ्री-लूकखालची विनंती नाही. चुकीची माहिती देऊन आणि कर्जाला जोडून विकलेल्या विम्याबद्दलची ही तक्रार आहे. प्रीमियमची पूर्ण रक्कम, तिच्यावर आकारलेल्या व्याजासह, मूळ तारखेपासून कर्जखात्यात जमा धरावी.’ बँकेला एक प्रश्न वेगळा विचारा: आमची तक्रार नाकारण्याआधी ती तुमच्या अंतर्गत लोकपालाकडे (नाकारायच्या तक्रारी पुन्हा तपासणाऱ्या बँकेतल्याच अधिकाऱ्याकडे) गेली होती का? मोठ्या बँकांना ग्राहकाची तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळण्यापूर्वी ती त्यांच्याकडे पाठवावीच लागते. हा प्रश्न आला की फाइल निदान एकदा पुन्हा उघडली जाते, असा माझा अनुभव आहे.

महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. गुजरातचं कार्यालय अहमदाबादला आहे. फी नाही, वकील चालत नाही, अर्ज तुम्हीच करायचा. समूह पॉलिसीही (अनेक कर्जदारांसाठी एकत्र काढलेली) त्यांच्या कक्षेत येते. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाची मुदत असते. ती पहिल्याच नकारापासून मोजा, नव्या पत्राने ती वाढेल अशा भरवशावर राहू नका. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला तो मान्य नसेल तर पुढचा रस्ता मोकळा.

माझा कल मात्र तुमच्या प्रकरणात ग्राहक आयोगाकडे आहे. विमा लोकपालाच्या निवाड्याचा भार मुख्यतः कंपनीवर पडतो. सक्ती केली बँकेच्या माणसाने आणि व्याजही बँकच घेते आहे. आयोगापुढे दोघांना एकत्र उभं करता येतं. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता त्या वडोदऱ्याच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते आणि तुम्ही भरलेल्या पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी शून्य. मुदत दोन वर्षं, कलम 69. ती प्रीमियम कापल्याच्या दिवसापासून मोजा. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून घड्याळ थांबत नाही, आणि विलंब माफ करून घेण्याच्या अर्जावर विसंबू नका. एकाच वेळी दोन्हीकडे मात्र जाऊ नका. आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तीच तक्रार घेत नाहीत. जिल्हा आयोगाचा निकाल विरुद्ध गेला तर 45 दिवसांत राज्य आयोगाकडे अपील.

या सगळ्यात हप्ता एकही चुकवू नका. विम्याचा राग हप्त्यावर काढला तर थकबाकी तुमच्या नावावर चढेल आणि बाजू बँकेकडे झुकेल. मधेच शाखेतून फोन येईल, ‘सरेंडर फॉर्म (पॉलिसी सोडून देण्याचा) भरा, थोडे पैसे परत मिळतील.’ त्या फॉर्मच्या तळाशी ‘आता कोणतीही तक्रार शिल्लक नाही’ अशी ओळ असते का, ते आधी बघा. असली तर सही नको. पैसे थेट खात्यात जमा केले तर त्याच दिवशी ईमेल करा की ही रक्कम हक्क राखून, अंशतः स्वीकारली आहे.

यजमानांना विमा हवाच असेल, तर मधुमेह खरा सांगून, कर्जाच्या पूर्ण मुदतीचा, स्वतंत्र घ्या. प्रीमियम जास्त पडेल. हा वाद संपण्याची वाट बघू नका, कारण सध्याच्या पॉलिसीवर तुमच्या घराने विसंबून राहावं असं मला वाटत नाही. मला भेटायला यायचं झालं तर खातेउतारा, फॉर्मची पानं आणि तो फोन घेऊन यजमानांसह या. फॉर्मवरच्या सह्या त्यांच्या आहेत आणि त्या दिवशी शाखेत काय बोलणं झालं ते त्यांच्याच तोंडून मला ऐकायचंय.